किंकाळी ऐकू येणारं चित्र

नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात चित्रकार रिबेराचं ‘अपोलो आणि मार्सियस’ (१६३७) पाहिलं आणि पाय तिथेच खिळले.

ग्रीक कथा अशी: मार्सियस या सॅटरने (अर्धा माणूस, अर्धा बोकड) वादनात थेट अपोलो देवाशी पैज लावली आणि हरला. शिक्षा? जिवंतपणी कातडी सोलणं!

चित्रात मार्सियस उलटा पडलाय, तोंड वासून आपल्याकडेच बघतोय. अपोलोचा हात जखमेत, चेहरा मात्र शांत. मला रक्तापेक्षा त्या शांतपणाचीच भीती वाटली.

उजवीकडे नीट बघा: किंकाळी असह्य होऊन एका सॅटरने कानांवर हात ठेवलेत. रंगांतून आवाज ऐकवायचा, ही रिबेरासारख्या बरोक शैलीतल्या चित्रकारांची ताकद! उजेड-अंधाराचा खेळ रिबेराने काराव्हाज्जोच्या चित्रांतून घेतला.