‘डिस्प्ले येत नाही’ म्हणजे नेमके काय?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य कोणते असेल, तर ते ‘डिस्प्ले येत नाही’ हे. बटण दाबले की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर या तक्रारीचे पुढचे वाक्यही ठरलेले असते: ‘कार्ड गेलेले दिसते.’ व्हिडिओ संपादन, अ‍ॅनिमेशन, वास्तुरचनेचे आराखडे किंवा खेळ यांसाठी घेतलेल्या संगणकात हा बहुधा सर्वांत महागडा भाग असतो. त्यामुळे या एका वाक्याचा भुर्दंड मोठा असतो, आणि अनेकदा तो विनाकारण सोसावा लागतो. काळा पडदा हे लक्षण आहे, निदान नव्हे. ताप आला की आपण थेट शस्त्रक्रियेची तारीख घेत नाही, आधी तापाचे कारण शोधतो. ग्राफिक्स कार्डालाही तेवढा न्याय मिळायला हवा. त्याला दोषी ठरवण्याआधी पुरावा हवा, आणि त्यातला बराचसा पुरावा घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता हाती येऊ शकतो.

हा पुरावा कुठे शोधायचा हे कळण्यासाठी पडद्यावर चित्र येते कसे ते पाहावे लागते. बटण दाबल्यावर आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, ठरावीक दाबाची वीज देऊ लागते. मग मदरबोर्डवरचा बायोस नावाचा मूळ प्रोग्राम प्रोसेसर आणि रॅम तपासतो. ते ठीक असतील तरच ग्राफिक्स कार्डाची पाळी येते, त्याच्या चिपमधला स्वतःचा छोटा प्रोग्राम जागा होतो, आणि केबलमधून मॉनिटरकडे संकेत जातो. म्हणजे चित्र हा या साखळीचा अगदी शेवटचा दुवा आहे. आधीचा कोणताही दुवा निखळला तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच: काळोख. रॅम सैल बसलेली असो, एसएमपीएस थकलेला असो की केबल खराब असो, पडदा त्यात फरक करू शकत नाही. म्हणून बिघाडाचा पहिला साक्षीदार पडदा नसतो. आवाज आणि दिवे असतात. ही अडचण संगणक बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखली होती. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये सुरुवातीच्या तपासणीत दोष आढळला तर छोट्या स्पीकरमधून बीप वाजत. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेच्या भागात गडबड, असा संकेत होता. आजच्या अनेक मदरबोर्डांवर हेच काम चार छोटे दिवे करतात. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे छापलेले असते, आणि तपासणी जिथे अडते त्या नावाचा दिवा लागून राहतो. डीरॅमचा दिवा लागून राहिला असेल, तर कार्डाची चौकशी तूर्त थांबवून रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवायच्या, मग एकेक पट्टी लावून पाहायची. डीडीआर 5 रॅमच्या नव्या संगणकात पहिल्यांदा बटण दाबल्यावर रॅमची जुळणी व्हायला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा राहणे हा बिघाडच नसतो. कळफलकावरची नम लॉकची कळ दाबून पाहणे हीसुद्धा एक सोपी साक्ष आहे. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक चालू आहे, फक्त चित्र पोहोचत नाही.

चित्र पोहोचत नसेल, तर शोध कॅबिनेटच्या बाहेरून सुरू करावा. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी पाटी झळकत असेल, तर मॉनिटर जिवंत आहे, एवढे त्याने स्वतःच सांगितले. मग त्याच्या मेनूत एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, कोणते दार निवडले आहे ते पाहावे. फार वेळा आढळणारी चूक कॅबिनेटच्या मागे असते. केबल ग्राफिक्स कार्डाच्या दाराऐवजी वरच्या बाजूला असलेल्या मदरबोर्डाच्या दारात खोचलेली असते. अनेक प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स असते, पण सगळ्यांत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर येते त्यांत ते नसते, आणि मदरबोर्डाच्या दारातून मग काहीच बाहेर पडत नाही. हीच गोष्ट उलट बाजूनेही उपयोगी पडते. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून ठेवून मदरबोर्डाच्या दारातून चित्र येते का ते पाहता येते, आणि उरलेला संगणक ठीक आहे की नाही याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. केबल साधी वस्तू वाटते म्हणून तिच्यावर संशय घेतला जात नाही, पण सदोष डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये जी विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून वीज उलटी कार्डाकडे येते आणि संगणक सुरू होताना अडू शकतो. कार्ड धडधाकट असूनही पडदा काळा राहू शकतो, हे खुद्द उत्पादकांनीही मान्य केले आहे. 2018 साली एनव्हिडियाने आपल्या काही कार्डांसाठी फर्मवेअर सुधारण्याचे साधन प्रसिद्ध केले, डिस्प्लेपोर्टच्या 1.3 आणि 1.4 आवृत्तीच्या मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत चित्रच न दिसणे, हा दोष त्यातून दूर होत होता. तेव्हा कार्ड बदलणाऱ्याचा खर्च एका लहानशा फाइलने वाचला असता.

यानंतरचा संशयित वीज. मदरबोर्डावरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देऊ शकतो. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसकडून वेगळ्या वायरी येतात: सहा पिनांच्या जोडणीतून 75 वॅट, आठ पिनांच्या जोडणीतून 150 वॅट. ही जोडणी राहून गेली किंवा अर्धवट बसली, की पंखे फिरतात पण कार्ड काम करत नाही. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायरही दिसायला तशीच असते, मात्र तिची धन-ऋण रचना उलटी असते. म्हणून जोर लावून काहीही बसवू नये. योग्य वायर फारशा जोराविना, ‘टक्’ असा आवाज करून बसते. जोडणी पूर्ण न बसल्याचे परिणाम किती गंभीर होतात, हे 2022 साली जगाने पाहिले. आरटीएक्स 4090 या बलाढ्य कार्डासोबत आलेली सोळा पिनांची नवी जोडणी काही ठिकाणी वितळली. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले, आणि पुढच्या वर्षी जोडणीच्या रचनेतच बदल झाला: जाणीव देणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसल्याशिवाय वीजच मिळू नये. आपल्याकडे आणखी एक दुवा तपासावा लागतो, तो घरच्या यूपीएसचा. साध्या कार्यालयीन संगणकासाठी घेतलेला 600 व्हीएचा यूपीएस भारी कार्डाचा भार पेलत नाही. खेळ सुरू होताच संगणक धाडकन बंद पडतो, आणि आळ कार्डावर येतो.

आता सर्वांत बोलका पुरावा: चित्र नेमके कोणत्या क्षणी जाते? बटण दाबल्यावर मदरबोर्डाचे बोधचिन्ह दिसते, विंडोजचे फिरते ठिपके दिसतात आणि मग काळोख होतो. असे असेल, तर कार्ड, वीज, केबल आणि मॉनिटर यांनी निदान तेवढे काम करून दाखवले आहे. संशयाची सुई आता ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधल्या दुभाष्याकडे वळते. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबल्यास हा दुभाष्या नव्याने सुरू होतो. कधी तेवढ्यानेच चित्र परत येते. नाही आले, तर सेफ मोडमध्ये संगणक सुरू करावा. तिथे विंडोज कार्डाच्या खास ड्रायव्हरऐवजी साधा, सर्वांना चालणारा ड्रायव्हर वापरते. सेफ मोडमध्ये चित्र स्थिर असेल, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून कार्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा, किंवा नव्यानेच त्रास सुरू झाला असेल तर आधीचा, बसवणे हा उपाय. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरीही आहे: कार्डाने सुमारे दोन सेकंद उत्तर दिले नाही, तर तो ड्रायव्हर पुन्हा सुरू करतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत येणे हा त्याचाच परिणाम असू शकतो. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा फाटलेल्या रेषा दिसत असतील, तर स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर पाहावा. ठिपके स्क्रीनशॉटमध्येही असतील, तर दोष चित्र तयार होण्यात आहे. नसतील, तर केबल किंवा मॉनिटर पाहावा. आणि तेच ठिपके बायोसच्या पडद्यावरही, म्हणजे विंडोज येण्याआधीच दिसत असतील, पण दुसऱ्या मॉनिटरने आणि केबलनेही जात नसतील, तर ड्रायव्हर निर्दोष सुटतो आणि कार्डाविरुद्धचा पुरावा भक्कम होतो. फक्त भार पडल्यावरच चित्र जात असेल, तर उष्णता आणि वीज यांकडे आधी पाहावे. पंख्यात आणि जाळीत साचलेली धूळ स्वच्छ करण्याला पैसे लागत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की सामान्य माणसाने कॅबिनेट उघडूच नये. आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्या आत धोकादायक वीज साठून राहते. उरलेल्या भागांत असा धोका नसतो. भिंतीतला प्लग काढायचा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची आणि सुटे भाग कडेने धरायचे. एवढी काळजी घेतली, तर रॅम किंवा कार्ड काढून बसवणे अवघड नाही. ज्यांना तेही नको, त्यांना बाहेरची तपासणी आहेच: मॉनिटरचा मेनू, केबल, दार, बीप, दिवे आणि सेफ मोड.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. दुकानदार म्हणतो, एवढ्या खटाटोपापेक्षा दुसरे कार्ड लावून पाहू. चित्र आले, तर जुने गेले. ही चाचणी चांगली आहे, पण तिचा निष्कर्ष घाईचा आहे. कार्ड बदलताना एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: स्लॉटमधली बैठक नव्याने होते, विजेची वायर पुन्हा बसते, केबल पुन्हा खोचली जाते आणि विंडोज दुसरा ड्रायव्हर वापरते. नवे कार्ड कमी वीज खाणारे असेल, तर थकलेला एसएमपीएसही पास होतो. चित्र आले ते यांतल्या कशामुळे, हे त्या चाचणीतून कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि शेवटी उलटी चाचणी करावी: तेच संशयित कार्ड दुसऱ्या, पुरेशी वीज असलेल्या संगणकात लावून पाहावे. दुसरे कार्ड इथे चालते आणि हे कार्ड तिथेही चालत नाही, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या, तरच निकाल द्यावा.

तिसरा आक्षेप: कार्डे खरोखर मरतातच की. मरतात. 2008 साली एनव्हिडियाला काही चिपांच्या आतल्या कमकुवत जोडण्यांच्या दुरुस्तीसाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. तापण्याच्या आणि थंड होण्याच्या फेऱ्यांनी त्या जोडण्या तडकत होत्या. असे कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो. तो करू नये. सुटलेली जोडणी काही दिवस चिकटते आणि पुन्हा सुटते, आणि ज्या ओव्हनमध्ये घरचे अन्न शिजते त्यात विषारी धूर भरतो. कार्ड मरते हे मान्य केल्याने मात्र माझे म्हणणे कमकुवत होत नाही. कार्डाचा दोष सिद्ध झाला, तर वॉरंटीचा दावाही त्याच पुराव्यावर उभा राहतो. सिद्ध झालाच नाही, तर धडधाकट कार्ड भंगारात जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार 2022 साली जगभरात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भागाची रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. चुकीच्या निदानाने फेकलेले प्रत्येक कार्ड त्या ढिगात भर घालते.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक कागद घ्यावा. चित्र कोणत्या क्षणी गेले, कोणता दिवा लागून राहिला, किती बीप वाजले, सेफ मोडमध्ये काय दिसले, काय बदलून पाहिले आणि त्याने काय फरक पडला, एवढे लिहावे. चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा वेळ त्या कागदाने वाचतो, आणि तो नेमक्या जागेपासून काम सुरू करू शकतो. ‘डिस्प्ले येत नाही’ हे वाक्य तिथे उत्तर म्हणून न जाता प्रश्न म्हणून जाते.