सेकंड शिफ्टनंतर शहराचा अभ्यास

रात्री नगर शहरातल्या नागापूर एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटते आणि मनमाड रस्त्यावर दुचाक्यांची रीघ लागते. सीना नदीच्या पुलाशी ती आकसते, मध्येच एखादा कंटेनर आडवा आला की सगळे हॉर्नवर. हा पूल रोज पार करणाऱ्याला वाहतुकीबद्दल जे कळतं, ते पुस्तकात सापडायचं नाही. पण नगर-अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हटलं, की तोच माणूस म्हणतो, 'नोकरी सोडून कोण शिकणार?'

सोडायची गरज नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारखा पूर्णवेळ अभ्यासक्रम अर्थातच जमणार नाही. इग्नूचं नगर-अभ्यासातलं एम.ए. मात्र दूरशिक्षणाने करता येतं. ते किमान दोन वर्षांत, जास्तीत जास्त चार वर्षांत पुरं करायचं. खरी सवलत आहे ती या चार वर्षांची. ज्या सहामाहीत नाइट शिफ्ट किंवा बहिणीचं लग्न आलं, तेव्हाचे पेपर पुढच्या सत्रावर टाकता येतात. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. साधारण तीस टक्के गुण स्वाध्यायांना, बाकीचे लेखी परीक्षेला. या विषयातलं बहुतेक वाचन इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. माझ्या मते तरी वेळेपेक्षा मोठी.

नोकरी करता करता शहर शिकणं आपल्याकडे नवं नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांच्या व्याख्यानांना बसणारे मालवणचे गो. स. घुर्ये तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. मुंबई या शहरावर त्यांनी निबंध लिहिला, शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले आणि 1924 पासून तोच विभाग सांभाळू लागले.

अभ्यासाला आता नागापूरच घ्या. जनगणनेच्या हिशेबात किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं आणि पाऊणशे टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेरच्या धंद्यात असले, की गाव 'जनगणना शहर' ठरतं, मग कारभार ग्रामपंचायतीचा का असेना. 2001 च्या जनगणनेत नागापूर असंच शहर होतं. 2003 मध्ये नगरला महापालिका झाली. आज नागापूर तिच्या हद्दीत आहे. आधी कारखाने, मग चाळी आणि प्लॉट, मग नगरसेवक. गटारीचं म्हणाल तर ती या रांगेत शेवटी.

पाण्याचा विषय तर आयता हातात. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी नगरला पाणी आणलं जाई. आता मुळा धरणाचं पाणी विळदच्या पंपिंग स्टेशनमार्गे येतं, आणि विळद एमआयडीसीच्या शेजारीच. या दोन टोकांच्या मधली नोंद मात्र म्हाताऱ्या माणसांकडे असते. म्हणून रविवारी वही घेऊन जुन्या गावठाणात जायचं. 'आजी, नळ यायच्या आधी पाणी कुठून आणायचात?'

आजी आधी विचारणार, 'कुणाचा रे तू?' मग आडनाव, मूळ गाव, कंपनी, पगार, लग्न. पाण्यापर्यंत यायला चहाचे दोन कप लागतात.