मेलबर्नचे तीन गोल

वरळीच्या जांबोरी मैदानावर मेस्सीच्या नावाचा शर्ट घातलेला मुलगा दिसला, की मी हटकून विचारतो, ‘नेव्हिल डिसोझा ठाऊक आहे का रे?’ अजून तरी कुणी ‘हो’ म्हणालेलं नाही.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटा स्पोर्ट्सकडून खेळणारा हा सेंटर फॉरवर्ड. त्यानं तीन गोल ठोकले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. मग मात्र त्यांनी चार चढवले. भारत चौथा आला. सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत नेव्हिल होता.

पण नुसत्या फुटबॉलवर तेव्हा मुंबईत चूल पेटत नसे. कंपनी नोकरी द्यायची, खेळाडू कंपनीसाठी खेळायचा. आम्हा बँकवाल्यांना ही रीत चांगली परिचयाची. खेळाडू सहकारी दुपारी सरावाला निघाला, की त्याचं लेजर शेजारच्या टेबलावर! शेजारी कुरकुरायचा, आणि संघ जिंकला की पेढ्याला पहिला हात त्याचाच. मला या नोकरीत कमीपणा दिसत नाही. इंग्लंडात व्यावसायिक खेळाडूलाही १९६१ पर्यंत आठवड्याला २० पौंडांहून अधिक पगार देता येत नसे. आपल्याकडे निदान गुडघा गेला तरी महिन्याचा पगार चालू राही. नाव मात्र ऑफिसाच्या हजेरीपटातच राहून गेलं.

नेव्हिल १९८० साली गेला, ४७व्या वर्षी. मेलबर्नला तेव्हा पुरती चोवीस वर्षंही झाली नव्हती.