नळी काढायची कुठून?

श्टुटगार्ट, जुलै

जर्मनीत उन्हाळा नसतो अशी कराडशेजारच्या मलकापुरात अजूनही अनेकांची समजूत आहे. 25 जुलै 2019 रोजी ऱ्हाइनकाठच्या डुइसबुर्गमध्ये 41.2 अंशांची नोंद झाली. आपल्याकडचा एप्रिलसुद्धा दरवर्षी एवढा तापत नाही. श्टुटगार्ट तर द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमध्ये खोलगट जागी वसलंय. वारा पडला की इथल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. घरं थंडी अडवायला बांधलेली, जाड आवरणाची, दुहेरी-तिहेरी काचांची. त्यामुळे आत शिरलेली उष्णता बाहेर पडायला तयार नसते. छताला पंख्याचा हूकही नसतो.

हे ऐकून मलकापूरचे मामा दर उन्हाळ्यात एकच सल्ला देतात. "अगं, चाकाचा एसी मिळतो म्हणं तिकडं. घिऊन टाक की. भिंत फोडायला नको, मेस्त्री नको, काय नको."

मामांच्या डोळ्यांसमोर कूलर असतो. आपल्याकडे पाण्याच्या टाकीचा छोटा कूलरही ‘पोर्टेबल एसी’ म्हणून खपवतात, म्हणून हा घोळ झालाय आणि तो निस्तरायलाच हवा. कूलरमध्ये गवताच्या जाळीतून पाणी झिरपतं, वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. त्याला कोरडी हवा लागते आणि उघडी खिडकी लागते. म्हणून तो कराडात चालतो आणि चिपळुणात हात टेकतो. चाकाच्या एसीचं तंत्र वेगळं. तो थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एका वेटोळ्यात द्रवरूप गॅसची वाफ होताना तो खोलीतली उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर तो दाबतो, दुसऱ्या वेटोळ्यात ती उष्णता सुटते. स्प्लिटमध्ये हे दुसरं वेटोळं गच्चीवर किंवा गॅलरीत असतं. चाकाच्या एसीत दोन्ही वेटोळी आणि कॉम्प्रेसर एकाच तीसेक किलोच्या खोक्यात, तुमच्या पलंगाशेजारी. युरोपातल्या नियमाने त्याच्या आवाजाला 65 डेसिबलची मर्यादा आहे, पण तेवढ्या आवाजात झोपून बघा!

त्या खोक्यातून वीतभर व्यासाची नळी निघते. ती खिडकीबाहेर गेलीच पाहिजे. मामा म्हणाले, "पॅसेजमधी सोड की." दार उघडं असेल तर पॅसेज म्हणजे घरच. नळीतून खोलीतून उचललेली सगळी उष्णता येतेच, शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेचीही येते. एक टनाचं यंत्र तासाला साधारण एक युनिट वीज खातं. म्हणजे नळी घरातच सोडली तर सगळं मिळून घर तापतच जातं, एक किलोवॉटचा हीटर लावल्यासारखं.

आता इथली खिडकी. ती सरकत नाही. दारासारखी आत उघडते, नाहीतर वरच्या बाजूने आत कलते. तिच्या फटीला नळी लावायची तर चौकटीभोवती कापडी पडदा चिकटवायचा आणि त्याच्या चेनमधून नळी बाहेर काढायची. मलकापुरातल्या नव्या फ्लॅटांत स्लायडिंगच्या खिडक्या असतात. तिथे एक उभी पट्टी बसवली की काम होतं. ज्या घरांना हे यंत्र शोभलं असतं तिथे ते कुणी घेत नाही, आणि इथे दुकानांत जूनमध्येच संपतं.

कापड लावूनही खरी अडचण उरतेच. एका नळीचं यंत्र तासाला तीनशे घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकतं. वीस चौरस मीटरच्या खोलीत पन्नास घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतली हवा तासाला सहा वेळा बाहेर जाते आणि तितकीच कुठून तरी आत येते: दाराखालून, न्हाणीघराच्या झरोक्यातून, जिन्यातून. अर्थात गरम. माझ्या ओळखीच्या एका सातारकर कुटुंबात एसी लागला की शेजाऱ्यांच्या तळलेल्या कांद्याचा वास थेट झोपायच्या खोलीत येई. त्यांना वाटे शेजारी फार तळतात. तळत नव्हते जास्त, हे लोकच जिन्यातली हवा ओढत होते. दोन नळ्यांच्या यंत्रात बाहेरचीच हवा आत घेऊन बाहेर टाकतात, म्हणून ते बरं. पण ते महाग आणि दुर्मिळ.

या ओढीची एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. ज्या घरांत गॅसचा बॉयलर खोलीतल्या हवेवर जळतो आणि धूर धुराड्यातून सोडतो, तिथे एसीच्या ओढीने तो धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून इथे धुराडं तपासणारा परवानाधारक माणूस घरात एसी आहे का हे विचारतो. मला त्याचा हेवा वाटला. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेल्याची बातमी थंडीत वाचायला मिळते, आणि गिझर बसवणारा खिडकी किती उघडते हे विचारतही नाही.

हिवाळ्याचं म्हणाल तर काही यंत्रांत गॅसची दिशा उलटवणारी झडप असते. आतलं वेटोळं गरम होतं, नळीतून थंड हवा बाहेर जाते, एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. पण एका नळीचं यंत्र तेवढीच गोठलेली हवा बाहेरून आत ओढतं. बाहेर सात-आठ अंश असेपर्यंत ठीक, त्याखाली काही खरं नाही. आणि ‘हीटिंग’ लिहिलेल्या स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा नुसती तापणारी तार असते, जी एका युनिटला एकच युनिट ऊब देते. इथे वीज युनिटला चाळीस सेंटच्या आसपास, म्हणजे पस्तीस-चाळीस रुपये. 2022 मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा लोकांनी असले हीटर भराभर घेतले होते.

मग स्प्लिट का नाही बसवत? कारण भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी लागते, इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर इतर मालकांची, आणि गॅस जोडायला प्रमाणपत्रवालाच माणूस, जो उन्हाळा संपल्यावरची तारीख देतो. माझ्या घरमालकांनी पत्राला उत्तर द्यायला जितका वेळ घेतला, तेवढ्यात कराडातल्या मेकॅनिकने अख्खी सोसायटी थंड केली असती. सकाळी फोन, दुपारी भोक, संध्याकाळी गार. ही आपली ताकद आहे आणि तिची इथे रोज आठवण येते.

पण तोच मेकॅनिक आऊटडोअर युनिट शेजारच्या खिडकीसमोर टांगतो, तेव्हा एकही माणूस तोंड उघडत नाही, हेही मला सोसत नाही. मामांच्या गल्लीत एका घराची गरम हवा दुसऱ्याच्या बेडरूमवर जाते, म्हणून दुसऱ्याने एसी घेतला, त्याची तिसऱ्याच्या बेडरूमवर जाते. श्टुटगार्टच्या महापालिकेत 1938 पासून हवामानतज्ज्ञ नेमलेला आहे. रात्री टेकड्यांवरून गार हवा शहरात उतरते त्या वाटांवर उंच इमारती उठू नयेत, हे त्याच्या कचेरीने बघायचं. आगाशिवचा डोंगर मलकापूरच्या उशाशी आहे. तिथूनही रात्री गार हवा उतरत असणार. तिच्या वाटेत काय बांधलं जातंय, याची नोंद कोण ठेवतं? ज्या गावाने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, त्याला हे जड जाणार नाही, म्हणूनच मी एवढी चिडून लिहितेय.

इथल्या म्हाताऱ्या शेजारीणबाई एसीशिवाय राहतात. सकाळी नऊला खिडकीच्या बाहेरचं शटर खाली, रात्री दहाला सगळ्या खिडक्या सताड. ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नाही. आपण काचेच्या आत जाड पडदा लावतो. तोवर ऊन घरात शिरलेलं असतं आणि पडदाच तापून बसतो. जुन्या वाड्यांना पडवी होती, दारांना वाळ्याचे पडदे बाहेरून होते. नव्या फ्लॅटच्या पश्चिमेच्या खिडकीवर वीतभर छज्जाही नाही.

मामांना त्यांच्या घरासाठी मी तेच सांगितलं: चाकाचा एसी नकोच, स्प्लिटही पुढच्या वर्षी बघू. आधी पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांवर बाहेरून बांबूची चिक बांधा, स्लॅबवर पांढरा चुना मारा, कूलर खिडकीत लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. ते म्हणाले, "चिक बांधतो, पण वळवाच्या वाऱ्यात टिकंल का?" टिकणार नाही. फॅब्रिकेटरला सांगून लोखंडी चौकटीत बसवून घ्या, असं मी म्हणाले. माप घ्यायला माणूस सोमवारी येतोय.