शेंडा खुडला की साखर कुठे जाते?

नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये, म्हणजे आपल्या पब्लिक गार्डनमध्ये, सकाळी फेरी मारली की कुंपणाच्या झुडपांचे शेंडे कात्रीने सपाट करणारे माळी दिसतात. काही आठवड्यांनी तीच झुडपं आधीपेक्षा दाट झालेली असतात. कापलं की बाजूने फुटतं, हे तुळशीच्या मंजिऱ्या खुडणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. पण झाडाला हे कळतं कसं? मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे कोडं जरा जास्तच छळतं. इथे मेंदू नाही, मध्यवर्ती सर्व्हर नाही, तरी कुठल्या फांदीला किती खाऊ घालायचं याचा हिशोब चोख चालतो.

प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. त्यातले बरेच डोळे झोपलेले असतात. त्यांना झोपवतं कोण, याचं पुस्तकातलं उत्तर म्हणजे ऑक्झिन. हे संप्रेरक शेंड्यात तयार होतं, खोडातून खाली उतरतं आणि डोळ्यांना दाबून ठेवतं. १९३३ मध्ये थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं तर खालचे डोळे फुटत नाहीत. पुढे कित्येक पिढ्या हेच शिकल्या.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकतं. मग शेंडा कापल्याची बातमी हातभर खालच्या डोळ्याला इतक्या लवकर कशी पोचते? २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने वाटाण्यावर हे तपासलं. शेजारच्या खोडातलं ऑक्झिन बदलायच्या आधीच, काही वेळा तब्बल २४ तास आधी, डोळा जागा झालेला होता. त्याच्यापर्यंत आधी पोचली होती ती साखर. वाढता शेंडा पानांनी बनवलेली साखर अधाशासारखी ओढून घेतो. तो गेला की तीच साखर खालच्या डोळ्यांकडे वळते. बाहेरून साखर पुरवली तरी डोळे फुटतात. ऑक्झिन निकामी ठरलं असं नाही, फुटलेला डोळा पुढे किती वाढेल यात त्याचा वाटा आहेच. पण पहिली हाक उपाशी डोळ्याला मिळालेल्या घासाची असते, हे मला फार आवडलं.

माझ्या परभणीकडच्या चुलतभावाला या संशोधनाशी देणंघेणं नाही. त्याला कपाशीची चिंता आहे. कपाशीला दोन तऱ्हेच्या फांद्या येतात. खालच्या गळफांद्या खोडासारख्या उभ्या वाढतात आणि त्यांच्यावर थेट बोंडं धरत नाहीत. बोंडं धरतात फळफांद्यांवर. मराठवाड्यात दादा लाड तंत्र म्हणून जी पद्धत ओळखली जाते, तिच्यात गळफांद्या साधारण ४०-४५ दिवसांनी काढून टाकतात आणि पुढे शेंडाही खुडतात. म्हणजे साखरेचे दोन मोठे गिऱ्हाईक कमी करायचे आणि उरलेला माल बोंडांकडे वळवायचा. भाऊ म्हणतो, तत्त्व पटतं, पण ऐन हंगामात मजूर कुठून आणू? या प्रश्नाला माझ्याकडे लॅपटॉपवरचं उत्तर नाही. कुणाच्या शेतात किती फरक पडेल हे वाण, अंतर आणि पाऊसही ठरवतात.

हे झालं पानांकडून आलेल्या साखरेचं. जमिनीतलं खत कमी पडलं तर झाड काय करतं, हा भाग मला याहून थरारक वाटतो. स्फुरद कमी असला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं जास्त बनवतात. ती खोडात वर जाऊन फुटवे रोखतात, हे २००८ मध्ये दोन गटांनी दाखवलं. रसद नाही, तर नवी शाखा उघडायची नाही! त्याच वेळी ही रसायनं मुळांतून मातीतही झिरपतात आणि एका उपयोगी बुरशीला बोलावतात. बुरशी दूरचा स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं.

पण ही हाक चोरही ऐकतो. ज्वारीतला टारफुला! माझ्या आजोबांच्या बोलण्यात हे नाव शिवीसारखं यायचं. त्याचं धुळीसारखं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ ज्वारीचं मूळ आल्याचा वास लागला की उठतं, मुळाला चिकटतं, रस शोषतं. वर त्याची बारीक फुलं दिसेपर्यंत ज्वारी खचलेली असते. हलक्या, खत न मिळालेल्या रानात त्रास अधिक, आणि आता कारणही कळतं: भुकेली ज्वारी जास्त हाका मारते. काही वाणांची मुळं हा सांगावा फारच कमी सोडतात. सोलापूरहून येताना पटनचेरूला जे इक्रिसॅट लागतं, तिथे टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीवर बरंच काम झालेलं आहे.

गंमत अशी, की टारफुल्याला उठवणारं पहिलं रसायन १९६६ मध्ये सापडलं ते ज्वारीत नव्हे, कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगू शकत नाही. म्हणजे ज्वारीनंतर कापूस घेतला, तर बी फसून उगवतं आणि चिकटायला मूळ न मिळाल्याने मरून जातं.