डिस्क ब्रेक रूपांतर, पिकअप वाहनांचे
पिकअप वाहनाच्या मागील चाकांवरील ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसविण्याची क्रिया. टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) या कंपनीने १९८८ मध्ये पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातून ‘टाटामोबाइल’ हे पिकअप वाहन बाजारात आणले. अशा जुन्या वाहनांच्या मागील चाकांवर ड्रम ब्रेक असतात. ती जतन करून वापरताना हा फेरफार सुचविला जातो. मात्र यात केवळ एक भाग काढून दुसरा बसवावयाचा नसून पुढील व मागील चाकांमधील रोधक प्रेरणेची वाटणी नव्याने ठरवावी लागते.

तत्त्व : ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले दोन शू फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठावर दाबले जातात. त्यांपैकी एक शू ड्रमच्या फिरण्यामुळेच अधिक घट्ट ओढला जातो, म्हणून पायाचा दाब कमी लागतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी कॅलिपरमधील दोन पॅडच्या चिमट्यात धरली जाते. येथे असे स्वयंवर्धन नसल्याने द्रवाचा दाब जास्त लागतो. परंतु तबकडी उघडी असल्याने लवकर निवते आणि तिच्यावरील पाणी व चिखल झटकला जातो. ड्रम तापला म्हणजे प्रसरण पावून शूपासून दूर जातो व पेडल खोल जाते. एकूण २,००० किग्रॅ. वस्तुमानाचे वाहन ताशी ६० किमी. वेगावरून थांबविताना सु. २७८ किलोजूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेने सु. ०·८ लि. पाणी २०° से. पासून उकळू लागेल. बोरघाटासारख्या लांब उतारावर ही उष्णता सतत साठत जाते. तेथे डिस्क ब्रेकचा लाभ विशेष जाणवतो.

समतोल : ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढील चाकांकडे सरकतो. रिकाम्या पिकअपची मागील बाजू मुळातच हलकी असते. मागील रोधन गरजेपेक्षा जास्त झाल्यास ती चाके आधी जखडतात व वाहन आडवे फिरते. म्हणून मागील दाब मर्यादित करणारी किंवा भारानुसार बदलणारी झडप पुन्हा जुळवावी लागते. ड्रमच्या नळीत सु. ०·७ किग्रॅ./सेंमी.² दाब राखणारी झडप असल्यास ती काढावी लागते. अन्यथा पॅड तबकडीला घासत राहून तापतात. कॅलिपरच्या दट्ट्यास द्रव अधिक लागत असल्यास मास्टर सिलिंडरही योग्य व्यासाचा निवडावा लागतो.

जोडणी व तपासणी : कॅलिपरची पट्टी आसाच्या फ्लँजवर पक्की बसविणे, चाकाच्या आतील मोकळीक पाहणे व हवा काढण्याचा निपल वरच्या टोकास ठेवणे आवश्यक असते. हँडब्रेकसाठी यांत्रिक कॅलिपर किंवा तबकडीच्या आत लहान ड्रम लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनांतील फेरफारांवर निर्बंध आहेत; म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करणे इष्ट असते. वाहनांच्या ब्रेक चाचण्या करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ (स्थापना १९६६) ही संस्था पुण्यात आहे. फेरफार केलेले वाहन रिकामे व भरलेले अशा दोन्ही स्थितींत, कोरड्या व ओल्या मार्गावर, कमी वेगापासून तपासल्यानंतरच वापरणे सुरक्षित ठरते.