रक्ताचा नमुना केव्हा द्यावा?



नुकतंच खत टाकलेल्या शेतातली किंवा उकिरड्याजवळची माती परीक्षणाला पाठवू नका, असं आम्ही नेहमी सांगतो. अहवाल फसवा येतो. किडनीच्या तपासणीसाठी दिलेल्या रक्ताचंही तसंच आहे.

या तपासणीत क्रिएटिनिन मोजतात. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून ते तयार होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीचं काम मंदावलं की ते रक्तात साठतं. पण शिजवलेल्या मटणात आणि मासळीतही ते असतं. सारसोळ्यात रात्री कोलंबीचं कालवण नाही असं घर विरळाच! असं जेवून लगेच रक्त दिलं तर आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून आदले बारा तास मटण-मासळी टाळा. रात्रभर होडीवर जाळी ओढून किंवा उन्हात दिवसभर राबून, तहानलेल्या अंगानं थेट प्रयोगशाळा गाठू नका. विश्रांती घ्या, पाणी प्या, मग सकाळी जा. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलंय, त्यांनी ते माप मोडू नये. व्यायामशाळेत जाणारी आपली पोरं क्रिएटिनची भुकटी खातात, तेही डॉक्टरांना सांगावं.

एकदा आकडा वाढला म्हणून किडनी गेली असं होत नाही. जुनाट विकार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी पुन्हा रक्त द्या, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

मात्र हे सगळं धडधाकट माणसासाठी. पावसाळ्यात भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात वावरल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर काय खाल्लं होतं ते बघत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो किडनीवर जातो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याचे रुग्ण वाढले होते. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन ठीक आलं तरी निर्धास्त होऊ नये. उघाडी तुंबली तरी खाचरात पाणी चढायला वेळ लागतो. क्रिएटिनिन चढायलाही एक-दोन दिवस जातात. म्हणून डॉक्टर रोज रक्त मागतात. ‘पुन्हा कशाला सुई?’ म्हणून घरी निघून येऊ नका.

किडनी दान करणाऱ्याची कधी याहून बारकाईनं तपासणी होते. शिरेत एक द्रव्य टोचून ठरलेल्या तासांनी रक्त घेतात आणि ते किती लवकर कमी होतं ते पाहतात. तिथे नमुना उशिरा घेतला तर चालून जाईल, पण वेळ चुकीची लिहिली तर हिशेबच बिघडतो. नमुना कधी घेतला ते घड्याळ बघून तुमच्यासमोर लिहून घ्या.

डायलिसिसवर असलेल्यांचं नेहमीचं रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी काढतात. नंतरचा आकडा उतरलेला असतो. त्यावरून किडनी सुधारली असं समजून फेरी चुकवू नये. दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देतानाच सांगा, आणि जुने अहवाल एका पिशवीत तारीखवार ठेवा.